फ्लोरिडात घर घेण्यापूर्वी छत आणि जमिनीची उंची पाहा

नमस्कार. टॅम्पा येथील नोकरीसाठी कोल्हापूर सोडून सहकुटुंब येण्याचा तुमचा विचार आहे आणि ‘तिकडची लाकडी घरे हरिकेनमध्ये टिकतात का, आल्या आल्या घर घ्यावे का’ असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा शुक्रवार पेठेतला. अकरा वर्षांपासून फोर्ट मायर्सला राहतो आणि सप्टेंबर २०२२ मधील इयन हे पाचपैकी चौथ्या श्रेणीचे हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ, मी याच घरात काढले.

फ्लोरिडातील बऱ्याच घरांच्या भिंती काँक्रीटच्या ब्लॉकच्या असतात. खरा कमकुवत भाग असतो तो छत. आपल्याकडे वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात, कारण छतावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतो. कोल्हापुरातील स्लॅब स्वतःच्या वजनानेच जागेवर बसून राहतो. इथले छत म्हणजे लाकडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे), त्यावर प्लायवूड आणि शिंगल्स (कौलांसारखे पातळ डांबरी तुकडे), म्हणजे त्या मानाने फारच हलके. त्यातच वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो. पहिल्या श्रेणीचे वादळ ताशी ११९ किलोमीटरला सुरू होते आणि पाचवी श्रेणी २५२ च्या पुढे, यावरून या दोहोंतील फरक किती भयंकर असेल याची कल्पना यावी.

खिडकी फुटली किंवा गॅरेजचा रुंद, पातळ दरवाजा आत वाकला, की वारा घरात कोंडतो आणि आतून छताला वर ढकलू लागतो. बाहेरची ओढ असतेच. इयनच्या वेळी आमच्या गॅरेजचा दरवाजा प्रत्येक झोताबरोबर बोटभर आत येऊन परत जात होता आणि मी व माझी पत्नी त्याच्याकडे पाहत बसलो होतो. त्या हंगामापूर्वीच मी आतून आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या, म्हणून तो टिकला. छत शाबूत राहिले तरी शिंगल्स उडाल्यास पाणी छतातून जिप्समच्या फळ्यांत मुरते आणि वीज नसलेल्या दमट घरात एक-दोन दिवसांत बुरशी धरते.

म्हणून घर पाहताना स्वयंपाकघराआधी माळ्यावर चढा. कैची भिंतीला जिथे टेकते, तिथे विजेरीच्या प्रकाशात जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी कैचीवरून वळवून दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी ठोकलेली दिसली पाहिजे. १९९२ च्या अँड्र्यू वादळात दक्षिण फ्लोरिडात हजारो घरे पडल्यानंतर नियम कडक झाले आणि २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली. त्यानंतरचे घर मिळत असेल, तर मी तेच निवडीन.

वाऱ्याहून मला पाण्याची भीती अधिक वाटते. पंचगंगेचा पूर आपल्याला सांगून येतो: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, आणि तोवर सामान माडीवर चढवता येते. समुद्राचे पाणी मात्र काही तासांत चढते आणि ते नुसते साचत नाही, तर लाटांनी भिंतींवर आदळते आणि पायाखालची वाळू ओढून नेते. इयनच्या वेळी फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी चढले आणि किनाऱ्यालगतची कितीतरी घरे जोत्यासकट गेली. टॅम्पाचा उपसागर उथळ आहे, त्यामुळे तिथेही हा धोका मोठा आहे.

विम्यातही हा भेद आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी पूरविमा साधारणतः ३० दिवसांनी लागू होतो. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे फक्त पहिला विमा होता. घरात कमरेइतके पाणी आले आणि फरशी, भिंती, फर्निचर यांचे त्यांना काहीच मिळाले नाही. शिवाय हरिकेनच्या नुकसानीत पहिला वाटा तुमचाच असतो, बहुधा विम्याच्या रकमेच्या टक्केवारीत: ४ लाख डॉलरच्या घरावर २ टक्के म्हणजे ८ हजार डॉलर.

त्यामुळे पहिले वर्ष भाड्याने राहावे असेच मी आग्रहाने सांगेन. १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम एकदा तिथे राहून अनुभवा. कोणत्या रस्त्यावर पाणी येते, हे शेजारी सांगतील. घर नक्की करण्याच्या टप्प्यावर आलात, की मला पत्ता कळवा; पूरक्षेत्राच्या नकाशावर ते कुठे येते, हे आपण मिळून पाहू.