जुनी डिझेल गाडी नवव्या दिवशी घाटात थांबली. पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : मी कराडला राहतो, शाळेत शिक्षक आहे. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून २०२१ची डिझेल गाडी ७ लाख ४० हजारांना घेतली. पैसे त्याच्या फर्मच्या खात्यात आरटीजीएसने भरले. मीटरवर ६१ हजार किलोमीटर होते. घेण्याआधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, ‘इंजिनचं, डीपीएफचं काही काम निघणार नाही ना? काही असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर गाडी ओके आहे असं धरून चालतो.’ त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. नवव्या दिवशी खंबाटकी घाटात दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) जाम, दोन इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) गेलेले असं सांगून १ लाख ६५ हजारांचा अंदाज दिला. त्यांच्याकडे याच गाडीची दीड वर्षापूर्वीची नोंद १ लाख ४ हजार किलोमीटरची निघाली. व्यापारी म्हणतो, ‘जुन्या डिझेल गाडीत हे होतंच. तुम्ही जशी आहे तशी घेतल्याची सही केलीय. आणि आम्ही फक्त मधले, गाडी मालकाची.’ आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. इथला मेकॅनिक म्हणतो, डीपीएफ काढून टाकू, थोडक्यात काम होईल. माझ्या सहकाऱ्यालाही अशीच गाडी घ्यायची आहे, त्यालाही सांगाल का?

उत्तर : सर, आधी मेकॅनिकचं. डीपीएफ काढू देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडून गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९०(२) वेगळं लागतं, त्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण मला जास्त काळजी दुसरी आहे. तो डीपीएफ हा तुमचा साक्षीदार आहे. तो भंगारात गेला की तुमची निम्मी केस त्याच्याबरोबर जाईल.

तेव्हा दुरुस्तीला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून गाडीच्या कॉम्प्युटर स्कॅनचा पूर्ण रिपोर्ट छापून घ्या, तारीख, चेसिस नंबर आणि सही-शिक्क्यासह. ‘डीपीएफ चोक’ एवढं पुरणार नाही. बिघाडाचे कोणते कोड आहेत ते आकड्यांसकट हवं. उदाहरणार्थ, पी२४६३ म्हणजे फिल्टरमध्ये काजळी साठली, पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. त्याच स्कॅनमध्ये बहुतेक गाड्यांत आणखी एक आकडा मिळतो, जो कुणी मागत नाही : कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. समजा तुम्ही गाडी ताब्यात घेतल्यापासून ६५० किलोमीटर चालवली आणि यंत्र ६६० दाखवतं, तर कोड तुमच्या हातात चावी देण्याच्या आदल्या-मागल्या दिवशीच पुसले गेले, हे कागदावर आलं. म्हणून सेंटरला आजच सांगा, कोड क्लिअर करू नका. एकदा पुसले की तो आकडा शून्यावर जातो.

दुसरी गोष्ट लेखी मागा : फिल्टरमध्ये काजळी किती आणि राख किती. हा फरक न्यायाच्या दृष्टीने मोठा आहे. काजळी गावातल्या थांबत-थांबत चालवण्याने लवकर साठते आणि हायवेवर सलग वेगात गाडी चालली की जळून जाते. व्यापाऱ्याचा वकील हेच म्हणणार, की तुम्हाला बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांची) डिझेल गाडी चालवता येत नाही, कराडच्या बाजारपेठेतच फिरवली असेल. राख मात्र इंजिन ऑइलमधून येते, जळत नाही, आणि ती भरायला गाडी खूप किलोमीटर चालावी लागते. नऊ दिवसांत राखेने फिल्टर भरत नाही. ६१ हजारांच्या गाडीत लाखाच्या वरची राख सापडली, तर मीटरबद्दलही तोच पुरावा बोलतो.

आता कायदा काय देत नाही तेही मोकळेपणाने सांगतो, कारण अनेकजण चुकीच्या आशेने ग्राहक आयोगात जातात. जुनी गाडी घेणाऱ्याला नव्या गाडीचा हक्क नाही. क्लच घासलेला, टायर, बॅटरी, ग्लो प्लग, थोडा टर्बोचा आवाज, ही वयाची झीज आहे. गाडीच्या वयाला आणि मीटरला शोभेल एवढ्या झिजेबद्दल मी तक्रार लिहून देणार नाही. नुसते दोन इंजेक्टर गेले असते, तर मी तुम्हाला थोडीफार तडजोड करून मोकळे व्हा म्हटलं असतं. तुमची केस मजबूत आहे ती मीटरमुळे. ६१ हजारांची किंमत मोजून तुम्ही १ लाख ४ हजारांच्याही पुढे गेलेली गाडी घेतलीत. ही झीज नाही, खोटी माहिती आहे.

‘जशी आहे तशी’च्या सहीने घाबरू नका. ती सही दिसणाऱ्या दोषांपुरती. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम १७ मध्ये फसवणूक कशाला म्हणायचं ते आहे, आणि तिथे विधिमंडळाने एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. विकणाऱ्याला घोडा सदोष आहे हे माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. एवढ्याने फसवणूक होत नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तू नाकारलं नाहीस तर मी घोडा निर्दोष धरतो’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. तुमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज शब्दाशब्दाला तोच आहे, आणि तुमच्या व्यापाऱ्याने तर गप्प न राहता अंगठा दिलाय. तो संवाद पुसू नका, फोन बदलू नका. पूर्ण चॅट काढून ठेवा आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत जोडा.

‘सर्व्हिस रेकॉर्ड आधी का पाहिलं नाही?’ हा प्रश्न येणारच. करार अधिनियमाच्याच कलम १९ मध्ये साध्या दक्षतेने खरं कळण्यासारखं असेल तर करार मोडता येत नाही असा अपवाद आहे. पण तो चुकीच्या माहितीला आणि गप्प राहण्याला लागू आहे. मुद्दाम मीटर मागे फिरवून सत्य झाकण्याला नाही. शिवाय ग्राहक आयोगात मीटर कुणी फिरवला हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर तितकं नाही. व्यापाऱ्याने मालाबद्दल खोटी माहिती देऊन तो विकला, एवढं अनुचित व्यापारी प्रथेला पुरतं.

‘आम्ही फक्त मधले’ याला उत्तर कागदावरच आहे. पैसे त्याच्या फर्मने घेतले. आणि १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ५५अ पासूनचे नियम आहेत. आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, मालकाकडून गाडी ताब्यात आली की नमुना २९सी भरून आरटीओला कळवलं जायला हवं, आणि तिथून पुढे गाडीचा मानीव, म्हणजे कायद्याने मानलेला, मालक व्यापारीच. २९सी भरला असेल तर ‘गाडी मालकाची’ हे त्याला म्हणताच येणार नाही. भरला नसेल तर नियम पाळला गेला नाही, हे नोटिशीत लिहा.

इथे एक माणूस तुमच्या कामाचा आहे, तो जुना मालक. त्याला आरोपी समजून भांडायला जाऊ नका. आरसी त्याच्या नावावर असेपर्यंत अपघाताच्या भरपाईचं खापर त्याच्या डोक्यावर फुटू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं आहे. त्याला नाव बदलण्याची घाई तुमच्यापेक्षा जास्त असणार. तेव्हा फोन करून विनंती करा : गाडी व्यापाऱ्याला कधी दिली आणि तेव्हा मीटरवर किती होते, एवढं लिहून द्या. त्याच्याकडे गाडी देतानाचे फोटो असतील तर उत्तम. मीटर त्याच्याकडेच फिरला असेल तर तो टाळाटाळ करेल, आणि तेही तुम्हाला कळलेलं बरं.

नावावर करायची की नाही, या पेचात थांबू नका. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विम्याचं तर त्याहून आधी. थर्ड पार्टी विमा आपोआप तुमच्याकडे आला असं मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ मानतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही, त्यासाठी कंपनीकडे नाव लावून घ्यावं लागतं. नाव बदललं म्हणून पैसे मागण्याचा हक्क जात नाही. नोटिशीत ‘माझे सर्व हक्क अबाधित ठेवून’ असं स्पष्ट लिहा. मात्र पैसे परत मागायचे असतील तर गाडी रोज वापरू नका. गाडी नको म्हणायचं आणि रोज शाळेत घेऊन जायचं, हे दोन्ही एकत्र बसत नाही.

नोटीस स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी पाठवा. त्यात पूर्ण रक्कम परत मागा, गाडी परत न्यायला बोलवा आणि सर्व्हिस सेंटरमध्ये समक्ष तपासणीसाठी एक तारीख द्या. तो आला नाही तर ते त्याच्याविरुद्ध जाईल. पंधरा दिवस पुरेत. त्यानंतर तक्रार पुण्यात नाही, साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. मोजलेली किंमत पाच ते दहा लाखांत असल्याने फी फक्त २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका. तक्रारीत ‘जशी आहे तशी’च्या कलमावर ‘अनुचित करार’ म्हणून दाद मागू नका. अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात आणि तुमचा विनाकारण वेळ मोडेल. अनुचित व्यापारी प्रथा आणि सदोष माल, एवढ्यावरच उभे राहा. कलम ३८ खाली गाडीची तज्ज्ञाकडून तपासणी करण्याचा अर्जही त्याच दिवशी द्या. समोरच्याला उत्तरासाठी ३० आणि जास्तीत जास्त आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे नाही.

शाळेला जायला गाडी हवीच असेल, तर दुसरा मार्ग आहे : समक्ष तपासणीची तारीख उलटल्यावर अधिकृत सेंटरमध्ये दुरुस्ती करून घ्यायची, जुने सुटे भाग परत मागून घ्यायचे, जीएसटीचं बिल ठेवायचं आणि दुरुस्तीचा खर्च अधिक किमतीतला फरक मागायचा. माझ्या मते मीटर खोटा असलेली गाडी ठेवू नये, कारण उद्या विकताना हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

मीटरबद्दल पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज देता येतो, जरूर द्या. पण ‘पैसे दे नाहीतर पोलिसांत जातो’ असं लिहून पाठवू नका.

तुमच्या सहकाऱ्यासाठी. गाडी सकाळी बघा, आणि जाण्याआधी इंजिन तापवून ठेवू नका असं सांगा. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन लगेच सुरू होतं का, धूर कोणता येतो ते पाहा : निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरकडे बघायला हवं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. वाफेसारखा जोराचा झोत येत असेल तर सौदा सोडा. ऑइलची पट्टी काढून पाहा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर डीपीएफ साफ व्हायचा प्रयत्न करून अर्धवट राहिलाय. रोजचा प्रवास गावातल्या गावात पाच-सात किलोमीटर असेल, तर बीएस-६ डिझेल घेऊच नका, पेट्रोल घ्या. तरीही घ्यायची असेल, तर नंबर देऊन अधिकृत सेंटरमधून सर्व्हिसच्या नोंदी काढून आणा, स्कॅन करा, आणि पावतीवर व्यापाऱ्याच्या हातून लिहून घ्या : मीटर अमुक, खरा, डीपीएफ जागेवर, अपघात नाही, कोड पुसलेले नाहीत. हे लिहायला जो तयार होत नाही, त्याच्याकडून टोकन परत घ्या.