हत्यारं मंडळाची, जबाबदारी कोणाची? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं हौशी सुतारकाम करणाऱ्यांचं मंडळ आहे, भांडुपला एका गाळ्यात. वर्गणीतून घेतलेली आणि जुन्या सभासदांनी दिलेली बरीच हत्यारं आहेत, सभासद ती आठवड्याभरासाठी घरी नेतात. मध्यंतरी एकाने राऊटर (लाकडात खाचा पाडायचं विजेचं यंत्र) नेला आणि फोन आला की चालू असताना बिट, म्हणजे त्यातलं कापणारं पातं, निसटलं, लाकडात खोल घुसलं आणि बिट पकडून ठेवणारं कोलेट गेलंय. तो म्हणतो आधीपासूनच खराब होतं, त्याच्या आधी ज्याने नेला तो म्हणतो माझ्याकडे मस्त चालत होता. अर्धी कमिटी म्हणते खर्च त्याच्याकडून घ्या, अर्धी म्हणते बाहेर देणंच बंद करा. काय करावं? – एक सभासद, भांडुप

उत्तर : बंद अजिबात करू नका. मुंबईत वन आरकेत राहणाऱ्या माणसाने राऊटर आणि चार फुटी क्लॅम्प ठेवायचे कुठे, आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी प्रत्येकाने नागदेवी स्ट्रीटला जाऊन वेगळे पैसे का घालायचे, याच अडचणीतून तर अशी मंडळं निघतात ना. देणं बंद केलं तर ज्यांच्याकडे जागा आणि पैसा दोन्ही आहे तेवढेच सभासद उरतील.

आता राऊटरचं. आधी नेणाऱ्याला एकच विचारा, बिट कुठलं लावलं होतं? ते बिट मागवून घ्या आणि व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरने, त्याचा दांडा मोजा. अर्ध्या इंचाचं कोलेट म्हणजे १२.७ मिमी, आणि बाजारात १२ मिमी दांड्याची बिटंही सर्रास मिळतात, शेजारी शेजारी ठेवली तरी डोळ्याला फरक कळत नाही. १२ चं बिट १२.७ मध्ये आत जातं, नट आवळलाही जातो, पण पकड धड बसत नाही आणि मोटर पूर्ण स्पीडला गेली की दांडा सरकतो. पाव इंच म्हणजे ६.३५ आणि बिट ६ चं, तिथेही तेच. दुसरं म्हणजे दांडा पार तळाला टेकवून आवळला तरी बिट ढिलं राहू शकतं, तळापासून दोनेक मिमी वर उचलून मगच आवळायचा असतो. यातलं काही झालं असेल तर वापरणाऱ्याची चूक, दुरुस्ती त्याची. बिट बरोबर मापाचं निघालं आणि कोलेटच्या आत जुने चरे, झीज दिसत असेल तर मंडळाने खर्च करायचा. आणि काहीच नक्की कळत नसेल तर माझ्या मते मंडळानेच करावा, कारण न तपासता हातात दिलं ते मंडळाने.

कायदाही साधारण हेच सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये दुसऱ्याची वस्तू वापरायला घेण्याबद्दल कलमं आहेत. कलम १५१ प्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतलेल्या वस्तूची घ्यायची. कलम १५२ म्हणतं, तेवढी घेतली असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर नुकसान त्याच्या डोक्यावर नाही. पण कलम १५० देणाऱ्यालाही बांधतं, वस्तूत धोक्याचा दोष आहे हे माहीत असेल तर सांगायलाच हवं. कायद्यातलं उदाहरण घोड्याचं आहे : घोडा बिथरणारा आहे हे माहीत असून न सांगता दिला, घेणारा पडला, तर जबाबदार देणारा. तुमच्या कमिटीत कोणाला आधीपासून माहीत होतं का की कोलेट कुरकुरतंय? ते खरंखरं विचारा.

आणि एक गोष्ट मी अगदी हट्टाने सांगेन. हत्यार वॉचमनकडे ठेवून जाऊ नका, शेजाऱ्याकडे नको, “उद्या घेतो, गेटवर ठेव” नको. देताना आणि घेताना दोघं समोरासमोर हवेत. गाळ्यात प्लग लावायचा, रिकामं चालवून आवाज ऐकायचा, वायर बोटांनी चाचपायची, कोलेटचा आणि प्लगचा फोटो काढायचा आणि मग देवाणघेवाणीच्या वहीत दोघांच्या सह्या. डेडस्टॉक रजिस्टर वेगळं, ते मंडळाच्या मालकीच्या वस्तूंच्या यादीचं, त्यात रोजची नोंद करायला गेलात तर गोंधळ होईल. दहा मिनिटं जातात, मान्य, ट्रेन चुकते, पण आत्ता तुमच्याकडे दोन चांगले सभासद एकमेकांशी बोलत नाहीयेत त्याचं मूळ या दहा मिनिटांत आहे. डिपॉझिट घ्यायचं तर लहानच घ्या, मोठं ठेवलं तर कॉलेजची मुलं यायचीच बंद होतील.

प्रश्न : पटाशा परत येतात त्या बोथट आणि तांबेरलेल्या. धार लावूनच परत द्यायची असा नियम करावा का? – परळ

उत्तर : तांबेरा येऊ देऊ नका हा नियम करा, धार लावून आणायचा करू नका. प्रत्येकाने आपापल्या हाताने दगडावर घासली की कोन बदलत जातो, एकाने २५ अंश ठेवलेले, दुसऱ्याने सागवानात हातोडीने खोबणी मारायची म्हणून ३० केले, तिसऱ्याने टोकच गोल केलं. धार लावायचं काम मंडळातल्या एकदोघांनाच द्या, ज्यांचा हात बसलाय. नेणाऱ्याने एवढंच करायचं, काम झालं की फडक्याने पुसायची, शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवायचा, पात्याला टोपण घालायचं. आपल्याकडची खारी दमट हवा, त्यात घामाचे हात, जून ते सप्टेंबर एका रात्रीत बोटांचे ठसे तांबडे उमटतात. ओली पटाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच नको.

दसऱ्याला हत्यारांची पूजा सगळेच करतात. तुम्ही त्या दिवशी बाहेर गेलेलं एकूण एक हत्यार गाळ्यात मागवा, पूजेआधी रजिस्टर हातात घेऊन टिक करत जा. पाऊसही सरलेला असतो, चार महिन्यांत कुठल्याचं काय झालं ते तेव्हाच दिसतं.

प्रश्न : माझ्या नावावर ड्रिल घेतलं आणि मुलाने वापरलं तर चालेल ना? तो नीट वापरतो. – दहिसर

उत्तर : आधी मंडळाला विचारा, न विचारता नको. इथेही कायद्यात घोडाच आहे, कलम १५४ मध्ये. फक्त स्वतः बसायला दिलेला घोडा घरच्याला दिला, त्याने नीटच चालवला, तरी घोडा पडून जखमी झाला तर भरपाई घेणाऱ्याने द्यायची. मुलगा कितीही नीट वापरत असला तरी नुकसान झालं तर तुमच्याकडेच मागतील. त्यापेक्षा त्यालाच सभासद करून घ्या ना.

प्रश्न : पावसात आमच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं, मंडळाचं ड्रिल आणि ओलावा मोजायचा मीटर भिजला. परत द्यायची तारीख उलटून गेली होती पण पाण्यात माझा काय दोष? – कुर्ला

उत्तर : पाण्यात दोष नाही, तारखेत आहे. मुदतीच्या आत असतं आणि तुम्ही वस्तू उंचावर ठेवली असती तर मी तुमच्या बाजूने मंडळाशी भांडले असते. पण कलम १६० प्रमाणे मुदत संपली की मागायची वाट न बघता परत द्यायची, आणि तुमच्यामुळे उशीर झाला असेल तर कलम १६१ प्रमाणे तिथून पुढचं नुकसान तुमचं. कमिटीशी बोलून हप्त्याने द्या, ते ऐकतील. आणि ड्रिल चालतंय का बघायला स्विच अजिबात दाबू नका. प्लग काढलेलाच राहू दे, आधी कारागिराकडून उघडून पूर्ण वाळवून घ्या. मीटरच्या बॅटऱ्याही आजच काढा.