रिकामा नाही, थांबलो आहो

"मॅडम, बाबा दिवसभर घरातच असतात. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बाहेर जाणं सुटलं. चिडचिड करतात. त्यांना एखादा छंद लावून द्या ना." असा फोन मला, समुपदेशक म्हणून, महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. कधी बाबांच्या जागी आई असते, कधी नोकरी सुटून गावी परतलेला मुलगा. मागणी तीच. छंद म्हणजे जसं काही कॅलेंडर, दुकानातून आणलं आणि भिंतीला अडकवलं.

२०२०च्या उन्हाळ्यापर्यंत मीही छंद वाटतच होते. ते का सोडलं, हे सांगायचं तर लॉकडाऊनमधल्या एका घराची गोष्ट सांगावी लागेल. घर अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागातलं. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, नाव कुणाचंच लिहीत नाही.

फोन सुनेचा होता, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. अगदी हळू बोलत होती. घरात रेंज नाही म्हणून भर दुपारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. "मामाजी बोलतच नाई मॅडम. टीवीसमोर बसतात न आकडे पायतात. कुठं किती लागण, कुठं किती मेले. जेवाले बोलावलं का दोन घास खातात न उठतात. रातच्या तीन वाजतापासून जागे रायतात."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, वय पासष्टच्या पुढे. नातवंडं आबाजी म्हणत, मीही आबाजीच म्हणू लागले.

त्या घराची अडचण नुसती करोनाची नव्हती. २५ मार्चला देश बंद झाला तेव्हा विदर्भात किती तरी शेतकऱ्यांचा कापूस घरातच होता. खरेदी केंद्रं बंद, जिनिंग बंद. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता आणि खेड्यावर येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. आबाजींच्या समोरच्या खोलीत वीसबावीस क्विंटल कापूस छताला टेकला होता. कापूस घरात राहिला की अंगाला खाज सुटते हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. ऊन वाढलं तशी खाजही वाढली. सगळे अंगणात झोपायचे, टीव्हीसुद्धा ओसरीत आणून ठेवला होता. आबाजी त्या टीव्हीसमोर बसायचे, पाठीमागे उघड्या दारातून कापसाचा ढीग दिसायचा. दोन्हीकडे बघायला तेच. शेतीकामाला परवानगी होती, पण कोरडवाहू रानात एप्रिलमध्ये काम किती निघणार?

आणि संध्याकाळ गेली होती. आबाजी खंजेरी वाजवायचे. आमच्या अमरावती जिल्ह्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगावी होते. या गावातही दिवस कलला की पंधरावीस माणसं मंदिरासमोर बसायची. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून ते बसणं थांबलं. खंजेरी खुंटीला.

मी पहिल्या फोनवर काय केलं ते आधी कबूल करते. त्या दिवसांत आम्ही सगळेच एक यादी म्हणून दाखवायचो : दिनचर्या आखा, योगासनं करा, वाचा, जुने छंद काढा, बातम्या दिवसातून एकदाच बघा. यादीत चूक काहीच नव्हती. आबाजींनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "मॅडम, छंद रिकाम्या माणसाले असते. मी रिकामा नाई, मी थांबलो आहो."

मी उत्तर दिलं नाही. नव्हतंच. समोरच्या कागदावर ते वाक्य लिहून ठेवलं, तो कागद अजून आहे.

पण त्याआधी एक विचारायचं होतं आणि ते मी त्याच फोनवर विचारलं. झोप मोडलेली, अन्न जात नाही, घरात न विकलेला माल, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. विदर्भात असा माणूस गप्प झाला की समुपदेशकानं आडून आडून विचारू नये. "आबाजी, जगणं नकोसं वाटते का? मरणाचे विचार येतात का?" पुष्कळांना वाटतं, असं विचारलं की डोक्यात नसलेलं घालून दिल्यासारखं होतं. तसं होत नाही. बहुतेकदा माणसाला सुटल्यासारखंच वाटतं. आबाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "येतात. पण करनार नाई. सून चांगली आहे." त्याच दुपारी सुनेच्या नवऱ्याला गच्चीवर बोलावून घेतलं आणि फवारणीचं सगळं सामान घरातून हलवून एका नातेवाइकाकडे कुलपात ठेवायला लावलं. गावच्या आशाताईला सांगितलं. ती मास्क लावून दर दोन दिवसांनी ओट्याखाली उभी राहून बोलून जायची. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक आणि मन तिन्ही गेलं असेल तर डॉक्टर लागतो, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांशी फोन जोडून दिला. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या. आज असतं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबरही देऊन ठेवला असता. तो ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं.

मधल्या काळात घरच्यांनी आपल्या परीनं एक उपाय केला. थोरल्यानं वडिलांना रिकामी पोती मोजायला सांगितली. आबाजींनी मोजली, ठेवली, आणि मला म्हणाले, "पोट्टे मले खेळवून रायले." खोटं काम माणूस लगेच ओळखतो. लहान मुलंही ओळखतात, पण ती खेळतात तरी. म्हाताऱ्या माणसाचा त्यात अपमान होतो.

त्या आठवड्यात मी प्रश्न बदलला. काय आवडतं हे विचारणं सोडलं. "आबाजी, तुमच्यावाचून कोणाचं अडलं आहे का?"

"कोनाचं नाई."

थोडं थांबून, "बसस्टँडवरचा कुत्रा असन एखादा."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी आपणहून सांगितलं. पुण्याला धाकटा मुलगा, एका खोलीत तिघं. त्याची नऊ वर्षांची पोरगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, आबाजी, एवढ्या कापसाचं तुम्ही घरात करता काय? "मी म्हटलं, खाजवतो."

मी विचारलं, तिनं कापसातून धागा निघताना बघितला आहे का कधी? नाही. तुम्हाला काढता येतो? "येत होता. तिसरीत होती ना टकळी. गुर्जी मोजून घेत." ते खरंच असणार. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून हातकामातून शिक्षणाची कल्पना पुढे आली, आणि पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या शाळांत सूतकताई होती. आबाजींच्या वयाच्या माणसांच्या बोटांत ती अजून आहे, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

टकळी, म्हणजे हातानं सूत काढायची छोटी चाती, घरात नव्हती. तीन दिवस गेले ती करण्यात. जुन्या सायकलचा एक आरा काढला, टोक चिमट्यानं वाकवून आकडा केला. खाली वजनाला चकती हवी. फुटक्या मडक्याचं खापर दगडावर घासून गोल केलं आणि खिळ्यानं मधोमध भोक पाडायला गेले तर खापराचे दोन तुकडे. दुसऱ्याचेही. तिसऱ्या वेळी त्यांनी खापर रात्रभर पाण्यात भिजवलं, मग ठोकायच्या ऐवजी खिळा दोन तळव्यांत फिरवत फिरवत भोक पाडलं. हे सगळं मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज चढला होता, भांडल्यासारखा. सूनबाई मागून म्हणाली, "मॅडम, दोन तास झाले, टीवी बंद आहे."

मग कापूस. सरकी हातानं काढायची, रुई बोटांनी पिंजायची, पाटावर तळव्याखाली लोळवून पेळू करायचा. पेळू डाव्या हातात वर धरायचा आणि उजव्या हाताच्या चिमटीनं आऱ्याला पीळ द्यायचा. टकळी भिंगरीसारखी फिरते आणि पेळूतून धागा उतरायला लागतो. उतरला तर. पहिल्या दिवशी वीतभर उतरला आणि तुटला. दोरखंडाएवढा जाड, मधेच केसाएवढा बारीक. पुण्याची पोरगी स्क्रीनवर डोळे लावून. आबाजी वैतागले, "थांब, उद्या दाखवतो," म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला तिचा फोन. "झाला का धागा?"

पुढच्या बोलण्यात आबाजी मला कुरकुरत म्हणाले, "पोट्टी रोज इचारते. उद्या काय सांगू तिले?" माझ्या दृष्टीनं पारडं त्या कुरकुरीत फिरलं. तोवर त्या माणसाच्या तोंडून ‘उद्या’ हा शब्द मी ऐकला नव्हता.

आमच्या शास्त्रात याला आधार आहे. पीटर लुइनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात मांडलं की उदासीत माणूस ज्या कामांतून काही मिळतं तीच सोडून देतो आणि त्यामुळे अधिक उदास होतो, म्हणून मन लागण्याची वाट न बघता काम आधी सुरू करावं. बरोबर आहे. माझी पुस्ती एवढीच की आपल्याकडच्या माणसाला, निदान मी पाहिलेल्या, नुसतं काम पुरत नाही. त्या कामाची वाट बघणारं कुणी तरी लागतं, आणि ते झालं नाही तर खरोखर हिरमुसणारं लागतं.

पुण्याकडचीही गंमत सांगते. पोरीनं पेन्सिलीला बटाट्याची चकती लावून आपली टकळी केली. तिसऱ्या दिवशी बटाटा सुकला. कापूस नाही म्हणून उशी उसवली आणि आईचा मार खाल्ला. तिच्या आईनं मला नंतर सांगितलं, शाळा बंद झाल्यापासून पोरगी नखं कुरतडून बोटं लाल करत होती, हल्ली बोटं कामात असतात. म्हणजे वाट बघणं दोन्हीकडून होतं. आबाजींना वाटे पोरीसाठी करतो, पोरीची आई म्हणे आबाजींसाठी करू देते.

सुनेचं काय, असं कुणी विचारलं नाही. मीही उशिरा विचारलं. ‘घरी बसा’ हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. सगळी माणसं चोवीस तास घरात, चहा सहा वेळा, वर उन्हाळ्याचं वाळवण. गव्हाचा चीक काढून कुरोड्या घालायच्या, पापड लाटायचे, आणि त्यात सासऱ्यांवर डोळा ठेवायचा. लॉकडाऊनमध्ये सर्जनशील राहा, हे वाचायला मिळालं तेव्हा मला तिचीच आठवण यायची. तुम्हाला काय करावंसं वाटतं, विचारल्यावर म्हणाली, "मले अर्धा घंटा काहीच नाई करावं वाटत." मी ते औषधासारखं लिहून घेतलं आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं : संध्याकाळचा चहा तुम्ही करायचा, तेवढा वेळ गच्ची हिची. तो पहिल्यांदा गडबडला, मग करू लागला. साखर जास्त पडते, अशी तिची तक्रार शेवटपर्यंत होती.

सरळ रेषेत काही झालं नाही. १४ एप्रिलला लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढला आणि आबाजींनी दोन दिवस कुणाचाच फोन घेतला नाही, पोरीचाही नाही. तिसऱ्या दिवशी ती रागावून बोललीच नाही. तिला मनवायला त्यांनी खंजेरी खुंटीवरून काढली. ओसरीतली खंजेरी ऐकून पहिल्या दिवशी गावातली कुत्री तेवढी भुंकली. चारपाच दिवसांनी समोरच्या ओट्यावरून टाळ वाजला, मग आणखी एका घरातून. प्रार्थना अशी आपापल्या ओट्यावरून होऊ लागली, सूर कुणाचा कुणाला जुळत नसे. झोप आली ती गोळ्यांनी, टकळीनं की खंजेरीनं, हे मला सांगता येणार नाही. गोळ्या मात्र त्यांनी मधेच सोडल्या नाहीत, हे मी आवर्जून सांगते.

तर गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या बाबांच्या मुलाला मी हल्ली उलटं विचारते : बाबांना असं काय येतं, जे तुम्हाला खरोखर येत नाही? परवा एकानं बराच विचार करून सांगितलं, बाबांना मोडी वाचता येतं आणि आमच्या शेताचा जुना कागद मोडीत आहे, तो आम्हाला कुणालाच वाचता येत नाही. मग तो कागद त्यांच्याकडे का नेला नाही? "त्यांना कशाला त्रास, म्हणून." हा ‘कशाला त्रास’ माणसाला जितका बसवून ठेवतो तितकं गुडघाही ठेवत नाही. एवढं मात्र बघा, की काम खरं असावं आणि विचारणारा रोज विचारणारा असावा. दोन दिवस कौतुक करून तिसऱ्या दिवशी विसरणार असाल तर सुरूच करू नका.

आबाजींचा नंबर खरेदी केंद्रावर जूनमध्ये लागला. कापूस गेला, खोली मोकळी झाली, खाज थांबली. एक टोपलंभर कापूस त्यांनी ठेवून घेतला. मी ठरल्याप्रमाणे शेवटच्या तपासणीचा फोन केला. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, बातम्या किती बघता, असे प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. तिसऱ्याचं उत्तर अर्ध्यात असताना ते म्हणाले, "मॅडम, सा वाजले. पोट्टीचा फोन येऊन रायला. ठेवतो."