डायोड लेझरसाठी घरगुती रोटरी: रोलरवालीच बनवा

पावडर कोटिंगच्या स्टील बाटल्यांवर नावं घालायला घरीच रोटरी (लेझरखाली गोल वस्तू फिरवणारं साधन) करायचीय, मग चकवाली (वस्तू जबड्यात पकडून फिरवणारी) की रोलरवाली, असं विचारलंत. बिनधास्त रोलरवाली करा. चकमध्ये वस्तूचा व्यास बदलला की दर मिमीला किती स्टेप्स हा आकडा बदलतो. रोलरवर मात्र बाटली जाड असो की बारीक, रोलरचा पृष्ठभाग जेवढा सरकतो तेवढाच तिचाही सरकतो.

८ मिमीच्या दोन सळ्या, ६०८ बेअरिंग, नेमा १७ मापाची स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेप्सनी फिरणारी), सळ्यांवर रोलर आणि त्यांवर ओ-रिंग (रबरी कडी). फ्रेम प्लायची चालते. सळ्या मात्र समांतरच हव्यात, नाहीतर बाटली फिरता फिरता एका बाजूला सरकत जाते.

आता आकडा. मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप्स, १६ मायक्रोस्टेपिंगला (एका स्टेपचे १६ भाग) ३२००. ओ-रिंगसकट रोलरचा व्यास २० मिमी असेल तर परीघ ६२.८ मिमी, म्हणजे मशीनच्या $१०१ या सेटिंगची (वाय अक्षाच्या दर मिमीला स्टेप्स) किंमत सुमारे ५१ (मूळची लिहून ठेवा). पण वजनाने रबर दबतं, त्यामुळे कॅलिपरच्या मापावर थांबू नका. बाटलीला मास्किंग टेप गुंडाळा, घेरावर १०० मिमी अंतराने लेझरने दोन रेघा मारा आणि शिंप्याच्या टेपने मोजा. ९७ भरले तर ५१ × १०० ÷ ९७, म्हणजे ५२.६ टाका.

बाटली घसरते ही सगळ्यांची तक्रार. त्यावर खरा उपाय म्हणजे बाटलीच्या लांबीच्या दिशेने फिल (अक्षरं ओळीओळीने भरणं) मारणं. मग हेड एक्सवर पळतं आणि रोटरी प्रत्येक ओळीला केसभर पुढे जाते, तीही एकाच दिशेने. आउटलाइन मोडमध्ये (अक्षरांची फक्त कड काढताना) तीच बाटली पुढेमागे झटके खाते आणि अक्षरं जुळत नाहीत. शिवाय आत पाणी भरून झाकण घट्ट लावा आणि $१२१ (वायचा प्रवेग) उतरवून १०० च्या आसपास ठेवा. निमुळती बाटली असेल तर रोटरीच्या एका बाजूखाली पट्टी सरकवून वरची कड सपाट करा.

वायची मोटर काढून तिथे रोटरी जोडताना आधी वीज बंद करा. चालू असताना प्लग ओढला की ड्रायव्हर जळू शकतो. मोटर सुटली की गँट्री (लेझर हेड वाहणारा आडवा दांडा) मोकळी होते, ती क्लॅम्पने जखडा, बीम बाटलीच्या बरोबर माथ्यावर घ्या. होमिंग (मशीनने स्विच शोधून शून्य जागा ठरवणं) $२२=० करून बंद ठेवा, नाहीतर रोलर लिमिट स्विच शोधत फिरत राहतील.

कोटिंग उडालं की खालचं स्टील चमकतं आणि किरण कुठेही परततो, तेव्हा तुमच्या लेझरच्या तरंगलांबीचाच चष्मा घाला. मास्किंगला पीव्हीसीचं व्हिनाइल अजिबात वापरू नका. ते जळलं की निघणारा आम्लधूर फुफ्फुसं आणि मशीन दोन्ही खातो.