वाचकांचे प्रश्न : छेदात क्ष आला की

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. क्ष/(क्ष − ३) + १/(क्ष + ३) = १८/(क्ष² − ९) हे समीकरण सोडवून तिने ३ आणि −७ अशी उत्तरे काढली. क्लासमध्ये ३ खोडले. आकडेमोड तर बरोबर दिसते, मग चुकले काय?
– एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आकडेमोड बरोबरच आहे. राहिली ती सुरुवातीची ओळ : क्ष ≠ ३, क्ष ≠ −३. या किमतींना छेद शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही.

क्ष² − ९ = (क्ष − ३)(क्ष + ३), म्हणून छेदांचा लसावि तोच. तिन्ही छेदांचा सरळ गुणाकार करत बसू नका, घातांक उगाच वाढतो. लसाविने प्रत्येक पदाला गुणा :
क्ष(क्ष + ३) + (क्ष − ३) = १८
क्ष² + ४क्ष − २१ = ०
(क्ष + ७)(क्ष − ३) = ०

क्ष = ३ असताना हा लसाविच शून्य असतो. दोन्ही बाजूंना शून्याने गुणले की कुठलेही समीकरण खरे ठरते. ३ शिरला तो इथूनच. −७ चा ताळा मूळ समीकरणातच घ्या : ०.७ − ०.२५ = ०.४५ आणि १८/४० = ०.४५. जुळले.

मार्क जातात ते मात्र बहुधा दुसरीकडे. अपूर्णांकामागे वजा असेल आणि अंशात दोन पदे असतील, तर छेद काढताना कंस हवाच : −(क्ष − ५) म्हणजे −क्ष + ५. बाजूला सुटा २ असेल तर त्यालाही लसाविने गुणायचे. तो हमखास विसरतात. तिरकस गुणाकार दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाच.

प्रश्न : सायकलने ३६ किमी जाऊन त्याच रस्त्याने परत, येताना वेग ताशी ६ किमीने कमी, एकूण ५ तास. ३६/क्ष + ३६/(क्ष − ६) = ५ यावरून १८ आणि २.४ आले. २.४ ने छेद शून्य होत नाही, ताळाही जुळतो. तरी उत्तर १८ च का?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : २.४ ही समीकरणाची खरी उकल आहे, गणिताची नाही. येतानाचा वेग २.४ − ६ = −३.६ येतो, ताळ्यात १५ तासांतून १० वजा होतात म्हणून ५ जुळतात. पेपरात ‘वेग ऋण नसतो, म्हणून क्ष ≠ २.४’ असे कारण लिहा. नुसते खोडू नका.