आत डोकावायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळं मिळूनही रितं वाटतं, आणि समाधान स्वतःतच शोधा म्हणतात ते कसं, असं तुम्ही विचारलंय.

मिळालेल्या गोष्टीची मनाला फार लवकर सवय होते. १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांशी बोलून पाहिलं. ते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते. उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी होता.

आत डोकावणं म्हणजे नुसतं डोळे मिटून बसणं नव्हे. मी झोपण्याआधी वहीत दोनच गोष्टी लिहितो: आज कोणतं काम करताना वेळेचं भान राहिलं नाही, आणि कोणतं केवळ लोक काय म्हणतील म्हणून केलं. महिन्याभराने मागची पानं वाचली तेव्हा दुसरी यादी कितीतरी लांब निघाली. फार वाईट वाटलं, पण काय सोडायचं ते तिथेच कळलं.

फक्त ‘मी असा का?’ हे उगाळत बसू नका, त्याने मन आणखी खचतं. आणि रितेपणाबरोबर झोप, भूकही उडाली असेल तर वही बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.