बोंबील कोणत्या शास्त्राचा?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : समाजशास्त्रात पीएच.डी.साठी मी ‘वेसाव्यातील सुक्या बोंबलाचा व्यापार’ असा विषय दिला. आराखडा मांडला तेव्हा समिती म्हणाली, ‘हा तर अर्थशास्त्राचा विषय.’ आता विषयच बदलायचा की आराखडा दुरुस्त करता येईल? — एक संशोधक विद्यार्थिनी, अंधेरी

उत्तर : विषय बदलू नका, शीर्षक बदला. तुमच्या शीर्षकात वस्तू आहे, प्रश्न नाही. आणि नुसती वस्तू कोणत्याच शास्त्राच्या मालकीची नसते. प्राणिशास्त्राला बोंबील म्हणजे हार्पाडॉन नेहेरियस, त्याचं खाणं आणि त्याची वीण. पावसाळ्याच्या तोंडावर सुक्या बोंबलाचा भाव का चढतो, साठवणुकीत पैसा अडकवणं कुणाला परवडतं, हे अर्थशास्त्र विचारेल. सौदा करताना कोळणी आकडे कसे बोलतात, हा भाषाविज्ञानाचा प्रश्न. बाजारात बसायची जागा सासूकडून सुनेकडे जाते का आणि बाहेरची बाई तिथे बसली तर कोण काय करतं, इथे समाजशास्त्र सुरू होतं.

हे ‘कोण काय करतं’ महत्त्वाचं. एमिल दुर्खीम यांनी १८९५ साली समाजशास्त्राचा विषय ठरवताना ‘सामाजिक तथ्य’ ही कल्पना मांडली. वागण्याची, विचार करण्याची जी रीत व्यक्तीच्या बाहेर असते आणि तिच्यावर दाब टाकते, ते सामाजिक तथ्य. दाब ओळखायचा कसा? रीत मोडून पाहणाऱ्याचं काय होतं ते बघा. कुणी हटकतं, कुणी बोलणं टाकतं, कुणी नुसतं हसतं. काहीच घडत नसेल तर ती कदाचित निव्वळ सवय असेल. (दाब इतका मुरलेला असतो की मोडायचं कुणाच्या मनातच येत नाही, असंही होतं. म्हणून एवढ्या एका कसोटीवर विसंबू नका.)

आराखड्यात आधी एकक ठरवा. तुम्ही मोजणार काय : किलो, विक्रेती की घर? एकक ‘किलो’ असेल तर समितीचं म्हणणं बरोबर ठरतं. ‘बसायची जागा’ हे एकक घेतलंत, तर प्रत्येक जागेचा तीन पिढ्यांचा नातेतक्ता काढता येतो. तो दुकानदारीच्या हिशेबातून मिळत नाही. त्यासाठी दारोदार बसून विचारावं लागतं. भावाच्या नोंदीही ठेवा, पण आधारापुरत्या. शेवटी संदर्भसूची तपासा. बहुतेक आराखडे इथेच घसरतात. प्रश्न समाजशास्त्राचा आणि सूचीत निम्म्याहून अधिक मत्स्यव्यवसायाचे अहवाल, असं असेल तर तुम्ही कुणाच्या वादात भर घालताय हे समितीला दिसणार कसं? नातेसंबंध, जात, स्त्रियांचं काम यांवरच्या लेखनाशी तुमचा प्रश्न पहिल्याच पानावर जोडा.

प्रश्न तयार झाला की आपल्या नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांची, चाळणी लावा. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष तीन. गाय म्हणजे ‘तांबडी असते ती’ म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘शिंगं असतात ती’ म्हटलं तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एकखुरी असते ती’ म्हटलं तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. ‘गळ्याला पोळी (लोंबती कातडी) असते ती’ म्हटलं की लक्षण बसतं. ‘व्यापार’ या शब्दात दलालापासून शीतगृहापर्यंत सगळं येतं : अतिव्याप्ती. उलट ‘कोळी समाजातील प्रथा’ असं म्हणाल तर परप्रांतीय विक्रेते आणि घाऊक खरेदीदार सुटतील : अव्याप्ती. ‘वेसाव्याच्या सुक्या मासळीच्या बाजारात विक्रीची जागा कुणाला, कोणत्या नात्याने मिळते?’ एवढं पुरे.

प्रश्न : मुंबईत समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांची इतकी सरमिसळ का दिसते? परदेशी पुस्तकांत तर ही दोन वेगळी शास्त्रं असतात. — एक प्राध्यापक, ठाणे

उत्तर : तिकडची वाटणी साधारण अशी होती : आपल्या समाजाचा अभ्यास ते समाजशास्त्र, दूरच्या ‘आदिम’ लोकांचा अभ्यास ते मानववंशशास्त्र. ही रेघ साम्राज्याच्या सोयीची होती. इथे अभ्यासक आणि अभ्यासाचे लोक एकाच गावात राहतात, म्हटल्यावर ती टिकणार कशी?

शिवाय इथली पहिली माणसंच रेघ न पाळणारी. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू केला पॅट्रिक गेडिस यांनी. ते मुळात जीवशास्त्राकडून नगररचनेकडे आलेले. १९२४ साली विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. ते संस्कृतचे एम.ए., आणि केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स व ए. सी. हॅडन या मानववंशशास्त्रज्ञांकडे शिकलेले. जातीवर लिहिताना संस्कृत ग्रंथ, शिरगणती आणि डोक्याची मापं हे तिन्ही पुरावे त्यांनी वापरले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी बर्लिनला कवटीच्या असममितीवर डॉक्टरेट केली आणि पुढे नातेसंस्थेवर लिहिलं. दुसरे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डला सामाजिक मानववंशशास्त्र शिकले आणि १९५९ साली त्यांनी दिल्लीत विभाग काढला तो समाजशास्त्राचा. दारावरची पाटी आणि आतलं काम यांत फरक राहिला, आणि आमच्या मते त्याने नुकसानीपेक्षा फायदाच झाला.

प्रश्न : अर्थशास्त्राची व्याख्या कोणाची लिहावी, मार्शल यांची की रॉबिन्स यांची? आणि कौटिल्याचं काय? — टी.वाय.बी.ए.चा विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : दोन्ही लिहा, पण दोष दाखवून. आल्फ्रेड मार्शल (१८९०) यांच्यासाठी विषय होता रोजच्या व्यवहारात गुंतलेला माणूस, त्यातही त्याच्या सुखसोयीच्या भौतिक साधनांशी निगडित भाग. लायोनेल रॉबिन्स (१९३२) यांनी वस्तूंवरून नजर काढून निवडीवर ठेवली : साध्यं अनेक, साधनं अपुरी आणि पर्यायी उपयोगांची, अशा स्थितीतलं मानवी वर्तन. मार्शलच्या व्याख्येत गायकाची बिदागी बसवताना ओढाताण होते. रॉबिन्सच्या व्याख्येत ती सहज बसते. मात्र त्यात परीक्षेच्या आदल्या रात्रीचं तुमचं वेळापत्रकही बसतं, म्हणजे अतिव्याप्ती. शिवाय ही व्याख्या आली ऐन महामंदीत, गिरण्या आणि मजूर रिकामे पडलेले असताना. साधनंच बेकार पडली असतील तर अडचण अपुरेपणाची कशी? हा आक्षेप लिहिलात तर उत्तराला वजन येतं.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथाचं नाव सारखं असलं तरी विषय वेगळा. ‘मनुष्याणां वृत्तिरर्थः’ (माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ) इथपर्यंत ते जवळचं वाटतं. पण पुढे तो माणसांनी वसलेल्या भूमीलाच अर्थ म्हणतो आणि ती मिळवण्या-राखण्याच्या उपायांना शास्त्र. म्हणजे ते राज्यशास्त्राच्या अधिक जवळ. निव्वळ नावसाम्यावरून त्याला अर्थशास्त्राचा आद्य जनक ठरवू नका.

प्रश्न : भाषाविज्ञान शिकलेल्या माणसाला ‘शुद्ध काय’ विचारलं की तो टाळाटाळ का करतो? — एक मुद्रितशोधक, गिरगाव

उत्तर : टाळत नाही, तो त्याच्या शास्त्राचा प्रश्नच नाही. स्विस भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून, ते गेल्यावर १९१६ साली निघालेल्या पुस्तकात म्हटलंय की इथे वस्तू आधी आणि दृष्टिकोन नंतर असं नसतं. दृष्टिकोनच विषय घडवतो. त्यांनी विषय ठरवला तो भाषेची व्यवस्था, एकेकाचं बोलणं नव्हे. वेसाव्याच्या कोळणीच्या बोलीचीही व्यवस्था असते आणि तिथेही चूक होऊ शकते, पण ती त्या बोलीच्या नियमांनी. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम ही लेखनाची, ठरवून घेतलेली संमती आहे. त्यासाठी लेखननियमांचं पुस्तक उघडा.

प्रश्न : ग्रंथालयात एकाच विषयाची पुस्तकं वेगवेगळ्या मजल्यांवर का? — एक वाचक, माहीम

उत्तर : ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयक्रमांक देण्याच्या पद्धतीत, पुस्तक आधी ज्ञानशाखेनुसार लागतं, वस्तूनुसार नाही. मासा प्राणी म्हणून ५९७, मासेमारीचा धंदा म्हणून ६३९, संस्कृती व सामाजिक संस्था ३०६, रूढी-लोकसाहित्य ३९०. मराठी भाषा ४९१.४६ ला आणि मराठी साहित्य ८९१.४६ ला, म्हणजे मध्ये चारशे आकड्यांची कपाटं. म्हणून एकाच कपाटापुढे उभं राहून शोधू नका. तालिकेत ‘मासे’, ‘मासेमारी’ आणि ‘कोळी’ हे तिन्ही शब्द घालून पाहा आणि येणारे सगळे क्रमांक टिपून घ्या.